जांघेतलं बूच

मी कराडला गेली एकतीस वर्षं शिवणवर्ग चालवते. विजेवरची मशीन दोन आहेत, पण नवीन मुलीला मी आधी पायमशीनवरच बसवते. पायाला ताल सापडला की हाताला शिवण सापडते, असं माझं ठाम मत आहे. तो ताल माझ्या उजव्या पायात आहे, आणि तोच पाय २०२३ च्या डिसेंबरात मला सांगायला लागला की काहीतरी बिनसलंय.

अँजिओप्लास्टी होऊन अकरा दिवस झाले होते. सून बाजारात गेली होती, घरात कुणी नव्हतं, म्हणून उशीचा एक अभ्रा घेऊन बसले. लांब बाजूची एक टीप मारून होईपर्यंत पोटरीत गोळा आला, दगडासारखा. थांबले तर दोन-तीन मिनिटांत गेला. पुन्हा पायडल हलवलं, पुन्हा तेवढ्याच अंतरावर गोळा. तीन वेळा असं झालं. कापड तेवढंच, टीप तेवढीच, आणि गोळाही मोजून तेवढ्याच टाक्यांवर. वाताचा गोळा असा मोजून येत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

हे सगळं सुरू झालं छातीपासून. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन रात्री जबड्यात आणि पाठीत ओढ लागली, घाम आला. मी पित्त म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, “आजच पुण्याला न्या.” वय त्रेसष्ट, मधुमेह चौदा वर्षांचा, वजन सत्तेचाळीस किलो. हे आकडे मी मुद्दाम देते आहे, पुढे त्यांचा संबंध आहे.

पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात रात्री पोहोचलो आणि सकाळी कॅथ लॅबमध्ये, म्हणजे धमनीतून नळी घालून हृदय तपासतात त्या खोलीत, घेतलं. आधी उजव्या मनगटातून प्रयत्न झाला. मनगटातून अँजिओग्राफी करण्याचा मार्ग कॅनडातल्या लुसिअँ कँपो या डॉक्टरांनी १९८९ साली मांडला आणि आता बहुतेक ठिकाणी तोच पहिला मार्ग असतो. कारण साधं आहे. मनगटाची धमनी कातडीच्या लगेच खाली, हाडावर टेकलेली असते. एक पट्टा आवळला की रक्त थांबतं. शिवाय हाताला दुसऱ्या धमनीतूनही रक्त मिळत असतं. पण माझं मनगट बांगड्यांच्या दुकानात लहान मुलींच्या मापात जाणारं. तार आत गेली आणि धमनी आकसली. एवढी कळ आली की मी ओरडले. डॉक्टरांनी पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाले, “काकू, मनगट सोडून देऊ. जांघेतून जाऊ.”

जांघेतून जायची नळी सहा फ्रेंच मापाची होती; ‘फ्रेंच’ हे अशा नळ्यांच्या जाडीचं माप. म्हणजे आतून दोन मिलिमीटर आणि बाहेरून अडीचच्या थोडी वर. शर्टाच्या बटणाच्या छिद्राएवढं भोक, आणि तेही अशा धमनीला, जिच्यातून सगळ्या पायाचं रक्त जातं. त्यात हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन दिलेलं, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या पोटात गेलेल्या. हृदयाचं काम नीट झालं. डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत स्टेंट बसला, छातीतली ओढ टेबलावरच गेली. त्या डॉक्टरांनी माझा जीव वाचवला, याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही.

शेवटी पडद्यापलीकडून आवाज आला, “हे आता लगेच बंद करतो, म्हणजे तुम्हाला पाच-सहा तास पाय सरळ ठेवून पडायला नको.” मी बरं म्हटलं. जांघेत जोराचा दाब आला, एक खट्ट आवाज झाला, काहीतरी ओढल्यासारखं वाटलं, मग कात्रीचा आवाज. एकतीस वर्षं दोरा कापतेय, तो आवाज मी झोपेतही ओळखेन. मला वाटलं, टाका घातला. एवढंच वाटलं.

दोन-तीन तासांत उठून बसवलं, दुसऱ्या दिवशी चालवलं, तिसऱ्या दिवशी घरी. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं भोक हाताने दाबून बंद केलं होतं. वीस मिनिटं एक वॉर्डबॉय आणि एक डॉक्टर आळीपाळीने त्यांच्या जांघेवर तळवा रोवून उभे होते. मग वाळूची पिशवी, मग रात्रभर उताणं. त्यांना कंबरेचा जुना त्रास, त्या रात्रभर कण्हत होत्या. मी कुशीवर वळून झोपले आणि मनात म्हटलं, आपलं नशीब चांगलं.

घरी आल्यावर मुलगा बिलाची पानं लावत होता. स्टेंट, बलून, तार, औषधं, आणि मग एका ओळीत ‘व्हॅस्क्युलर क्लोजर डिव्हाइस – १’. त्याने विचारलं, “आई, हे काय?” मी म्हटलं, “टाका घातलाय बहुतेक.” माझ्या अंगात काहीतरी ठेवलंय हे आम्हाला असं बिलावरून कळलं. काय ठेवलंय ते तरीही कळलं नाही. डिस्चार्जच्या कागदावर स्टेंटचं नाव, लांबी, रुंदी सगळं होतं. या वस्तूबद्दल एक शब्द नव्हता.

सहाव्या दिवशी संध्याकाळी प्रीतिसंगमाकडे, आमच्या कृष्णा-कोयनेच्या संगमाकडे, चालत निघाले. डॉक्टरांनीच रोज थोडं चाला म्हणून सांगितलं होतं. आमच्या घरापासून तिथवर मी आयुष्यभर न थांबता गेले आहे. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानापाशीच उजवी पोटरी धरली. उभी राहिले, सुटली. पुढे दवाखान्याच्या पायरीपाशी पुन्हा धरली. सून म्हणाली, अशक्तपणा असेल. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, कोलेस्टेरॉलच्या गोळीने पाय दुखतात, त्यांच्या जावेचेही दुखायचे. मी रात्री तिळाचं तेल कोमट करून चोळलं. पाय गार लागत होता, पण डिसेंबरची थंडी होती, गार कुणाचा लागत नव्हता?

मुलाने रुग्णालयात फोन केला. तिकडून एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, “जांघेत सूज आहे का? रक्त येतंय का? काळंनिळं झालंय का?” तिन्हीला नाही. “मग काळजी नको, चालत राहा, सुधारेल.” त्यांचेही चुकले असं मी सरसकट म्हणणार नाही. जांघेतल्या भोकाचा धोका म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे रक्तच येतं. तिथे गाठ येते, धमनीबाहेर रक्ताची पिशवी तयार होते. कधी भोक जरा वर पडलं तर पोटाच्या मागच्या बाजूला आत रक्त साचतं आणि बाहेर काहीच दिसत नाही, नुसती कंबर दुखते आणि रक्तदाब उतरतो. ही सगळी भोक नीट बंद न झाल्याची दुखणी. माझं दुखणं उलटं होतं. भोक बंद झालं होतं, आणि त्यासोबत रस्ताही. तो प्रश्न फोनवर कुणी विचारलाच नाही: पाय गार आहे का?

अकराव्या दिवशी अभ्र्याचा प्रकार झाला. त्या रात्री झोपेत पाऊल ठणकायला लागलं. पलंगावरून पाय खाली सोडला की बरं वाटायचं, वर घेतला की ठणका. मी पाय खाली लोंबता ठेवून बसल्या बसल्या रात्र काढली. पायाला खालीच बरं का वाटतं, याचा विचार करायचं मला सुचलं नाही. वर चढायला रक्ताला जोर उरला नव्हता, म्हणून ते उतारावरच तेवढं येत होतं.

बाराव्या दिवशी माझ्या बहिणीची मुलगी भेटायला आली. ती कोल्हापूरला अतिदक्षता विभागात नर्स आहे. मी सांगायला लागले तर तिने मला मध्येच थांबवलं. “मावशी, दोन्ही पाय माझ्या मांडीवर ठेव.” तिने दोन्ही हातांच्या पाठी दोन्ही पावलांवर एकाच वेळी टेकवल्या. मग पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत, बोटं ठेवून बसली. डाव्या पायावर लगेच मान हलवली. उजव्यावर तिची बोटं सरकत राहिली, घोट्याच्या मागे गेली, गुडघ्याच्या मागे गेली. अंगठ्याचं नख दाबून सोडलं आणि मनात आकडे मोजले. डाव्या नखात लगेच गुलाबी रंग परतला. उजव्यात पांढरा तसाच बसून राहिला. तिने चहा तसाच ठेवला आणि मुलाला गाडी काढायला सांगितली.

ही तपासणी पाच मिनिटांची होती. तिला यंत्र लागलं नाही, कागद लागला नाही, नुसते दोन हात लागले. ती बारा दिवसांत माझी कुणीही केली नव्हती, आणि मला कुणी शिकवलीही नव्हती. मला मधुमेह आहे, माझ्या तळव्यांना तशीही जाणीव कमी. मला स्वतःला पाय किती गार आहे ते कळणं कठीणच होतं.

मिरजेच्या एका रुग्णालयात रक्तवाहिन्यांचे सर्जन होते. त्यांनी घोट्याला रक्तदाबाचा पट्टा बांधून लहानशा डॉपलरने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या यंत्राने, दाब मोजला. दंडात १३८, डाव्या घोट्यात १३०, उजव्या घोट्यात ६२. घोट्याचा दाब दंडाच्या बरोबरीला यायला हवा, माझा निम्म्याच्याही खाली. डॉपलर सोनोग्राफीत जांघेतल्या धमनीत एका जागी रक्ताची बारीक धार दिसली, नळाचं तोंड बोटाने दाबल्यावर येते तशी, आणि तिच्या पुढे नुसती मंद सरक. मग सीटी अँजिओग्राफी. त्यासाठी मूत्रपिंडाचं काम कळायला रक्तातलं क्रिएटिनिन बघितलं, मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी दोन दिवस बंद ठेवली, भरपूर पाणी पाजलं. हेपॅरिन लगेच सुरू झालं.

डॉक्टर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि विचारलं, “काकू, तुम्ही काय करता?” मी सांगितलं. मग त्यांनी मला माझ्याच भाषेत समजावलं, म्हणून ते मला अजून शब्दाशब्दाने आठवतं.

“कापडाला भोक पडलंय असं समजा. आतल्या बाजूने एक चपटी पट्टी आडवी टेकवायची, कोटाला आतून लावतात त्या बटणासारखी. बाहेरच्या बाजूने एक मऊ बोळा. दोघांमधून एक दोरा. दोरा खेचला की पट्टी आतून आणि बोळा बाहेरून कापडाला घट्ट बसतात, भोक मधल्यामध्ये मिटतं. दोरा कातडीखाली कापून टाकायचा. तिन्ही वस्तू साधारण ६० ते ९० दिवसांत शरीरात विरून जातात.”

मी विचारलं, “आणि माझ्यात काय झालं?”

“पट्टी आतल्या भिंतीला सपाट टेकायला हवी. तुमच्या धमनीच्या भिंतीत चुन्याचा थर आहे. पट्टी त्याला अडकलेली दिसतेय, आणि बोळा बाहेर राहण्याऐवजी काही भाग आत गेलाय. त्यावर गुठळी धरली.”

याला बाजारात वेगवेगळे प्रकार आहेत, हे मला भाचीकडून कळलं. काहींत असा विरघळणारा बोळा असतो, काहींत सुईने धमनीला खराखुरा टाका घालतात आणि तो दोरा कायमचा राहतो, काहींत बाहेरून धातूची बारीक क्लिप बसवतात. प्रत्येकाचं चुकणं वेगळं. टाक्याचा दोरा समोरच्या भिंतीत गुंतू शकतो. बोळा आत जाऊ शकतो किंवा सुटून खाली गुडघ्यामागच्या धमनीत जाऊन बसू शकतो. आणि बाहेरची वस्तू आत राहिली म्हणजे जंतूंना आसरा मिळतो. जांघेतल्या धमनीला असा जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर तो भाग कापून काढावा लागतो. मधुमेह्यांनी तर जास्तच जपायचं. हाताने दाबून बंद केलेल्या भोकात हा जंतूंचा धोका जवळजवळ नसतोच, कारण मागे काही उरतच नाही.

सर्जनांनी पुण्याहून आणलेली सीडी लावली. माझ्या धमनीत नळी शिरली होती ती जागा त्यांनी पेनने दाखवली. जांघेतली मोठी धमनी थोडं खाली गेल्यावर दोन फाट्यांत विभागते. भोक त्या फाट्याच्या अगदी तोंडाशी होतं. बोळ्याच्या प्रकारच्या उपकरणासोबत येणाऱ्या सूचनांत लिहिलेलं असतं की धमनी आतून ४ मिलिमीटरपेक्षा बारीक असली तर वापरू नये, आणि फाट्यावरही वापरू नये. म्हणून बंद करण्याआधी त्या जागेचं रंगद्रव्य सोडून एक चित्र काढायचं असतं. सीडीत तसं चित्र होतं. कुणी त्याकडे थांबून बघितलं की नाही, ते मला माहीत नाही आणि मी त्यावर बोलणार नाही. पण मापं लक्षात घ्या: बाई, लहान चण, मधुमेह, चुन्याची भिंत. मी वर जे आकडे दिले, ते सगळे या एका चित्रात येऊन बसतात. बायकांना या भोकाचे त्रास पुरुषांपेक्षा जास्त होतात, हे अनेक पाहण्यांत वारंवार दिसलेलं आहे. आमच्या धमन्या बारीक असतात.

ऑपरेशनच्या संमतीच्या वेळी एक गोष्ट निघाली, ती मला इथे लिहायलाच हवी. मी माळकरी आहे. वीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ आहे, आषाढीला जमेल तेवढं चालते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी जुन्या कागदांबद्दल विचारलं, बोलता बोलता म्हणाले, “तो बोळा कोलॅजेनचा असतो, गाईबैलांच्या ऊतींपासून केलेला. त्याची अॅलर्जी वगैरे नाही ना?” मी गप्प झाले. सून माझ्याकडे बघत राहिली.

त्या रात्री मी बराच विचार केला. जीव जाण्याच्या वेळी मला कुणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. दुसऱ्या दिवशी मी सर्जनांना तसं सांगितलंही. त्यांनीही मोकळेपणाने सांगितलं की हेपॅरिनसुद्धा डुकराच्या आतड्यापासून काढतात, आणि ते तर मला रोज चालू होतं. मी म्हटलं, “चालू ठेवा. पांडुरंगाला कळतं.” पण बोळ्याची गोष्ट वेगळी होती. तिथे जीव जात नव्हता. तिथे प्रश्न पाच तास उताणं झोपण्याचा होता. ते मी हसत झोपले असते. ती निवड माझी होती, आणि मला विचारलं गेलं नाही. रक्तस्राव, गाठ, गार पाय, हे सगळे वैद्यकीय धोके एका बाजूला ठेवले तरी ही एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

ऑपरेशन सोपं नव्हतं. स्टेंट घालून दोन आठवडेच झाले होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती, चालू ठेवल्या तर जखमेतून रक्त वाहण्याची. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून दोन्ही गोळ्या चालूच ठेवल्या. याच कारणाने पाठीतून भूल देता आली नाही. मज्जारज्जूपाशी रक्त साकळलं तर पाय लुळे पडू शकतात. पूर्ण भूल दिली.

जांघेत उभा छेद घेऊन त्यांनी धमनी उघडली. बोळ्याचा फुगलेला तुकडा, त्यावरची गुठळी, आणि भिंतीला अडकलेली पट्टी काढली. खाली उतरलेली गुठळी काढायला टोकाला फुगा असलेली बारीक नळी आत सोडून, फुगा फुगवून, मागे ओढून घेतली. ही नळी थॉमस फोगार्टी या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवली आणि आजही तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. मग धमनी सरळ शिवली असती तर आणखी अरुंद झाली असती. म्हणून माझ्याच पायातली शीर थोडी काढून, उभी चिरून, तिचं ठिगळ लावलं. शर्टाची बाही दंडात घट्ट होते तेव्हा आपण काखेत तुकडा घालतो ना, तसंच. सर्जनांनी नंतर मला तसं सांगितलं तेव्हा मला बाकी काही विचारावंसं वाटलं नाही. मला कळलं होतं.

काढलेल्या वस्तूंचा त्यांनी फोनवर फोटो दाखवला. स्टीलच्या तबकात कापसाच्या बोळ्यासारखं लालसर काहीतरी आणि शेजारी बासमतीच्या दाण्याएवढी चपटी पट्टी. एवढ्याशा दाण्याने माझा पाय जात होता. मी तो फोटो मुलाच्या फोनवर घेऊन ठेवला आहे.

वॉर्डात शुद्धीवर आले तेव्हा पहिलं काय केलं, तर डाव्या पायाची टाच उजव्या पावलावर टेकवली. ऊब होती. मी रडले.

तिथे पलीकडच्या खाटेवर कडेगावकडचे एक गृहस्थ होते. त्यांचंही जांघेतूनच झालेलं, पण कसलंही उपकरण न वापरता, हाताने दाबून. त्यांना मात्र तिथे लिंबाएवढी धडधडणारी गाठ आली होती. भोक पुरतं मिटलं नव्हतं, बाहेर रक्ताची पिशवी झाली होती. सोनोग्राफीखाली त्यात थ्रोम्बिनचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं आणि ती काही मिनिटांत गोठली. हे मी सांगते आहे कारण माझी गोष्ट ऐकून हाताने दाबणं म्हणजे बिनधोक असं कुणाला वाटू नये. तसं नाही. जर्मनीत ४,५२४ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात उपकरणवाल्यांना जांघेचे त्रास ६.९ टक्के, हाताने दाबलेल्यांना ७.९ टक्के. रक्त थांबायला उपकरणाने एक मिनिट, हाताने दहा. म्हणजे उपकरण वाईट ठरलं नाही. पण ते रुग्ण नुसत्या अँजिओग्राफीचे होते, माझ्यासारखे स्टेंटवाले नव्हते.

भाचीने आणखी एक अभ्यास वाचून दाखवला आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटला. अमेरिकेत मिंक्स नावाचं एक उपकरण, माझ्यात घातलेल्यापेक्षा वेगळ्या जातीचं, हजारो लोकांत वापरलं जात होतं. ७३,१२४ रुग्णांच्या नोंदी संगणकाने सतत तपासत ठेवल्या, तेव्हा दिसलं की त्या उपकरणाने त्रास होण्याचं प्रमाण १.२ टक्के आहे आणि तसल्याच रुग्णांत इतर उपकरणांनी ०.८ टक्के. शंभरात अर्ध्या माणसाचासुद्धा फरक नाही. एका डॉक्टरला आपल्या टेबलावर तो जन्मात दिसला नसता. तो दिसला कारण प्रत्येक रुग्णाची, प्रत्येक उपकरणाची नोंद कुठेतरी होत होती. २०१७ मध्ये ते छापून आलं.

माझ्या डिस्चार्जच्या कागदावर उपकरणाचं नावही नव्हतं. मी कुठल्या टक्क्यात मोजले जाणार होते?

म्हणून मी हट्ट धरला. आपल्याकडेही वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे त्याचं काम आहे. मिरजेचे सर्जन म्हणाले, “मी अर्ज भरतो, पण उपकरणाचा बॅच क्रमांक लागेल.” प्रत्येक उपकरणाच्या खोक्यात चिकटपट्ट्या येतात, एक रुग्णाच्या फाइलला लावायची असते. सोबत रुग्णाला द्यायचं छोटं कार्डही असतं, त्यात कुठल्या पायात, कुठल्या तारखेला बसवलं ते लिहायचं. कारण ९० दिवसांच्या आत त्याच जागी पुन्हा नळी घालायची वेळ आली तर घालणाऱ्याला ते माहीत असावं लागतं. ते कार्ड मला मिळालं नव्हतं.

मुलगा पुण्याला तीनदा गेला. पहिल्यांदा सांगितलं, अर्ज द्या. दुसऱ्यांदा, फाइल स्टोअरमध्ये आहे. तिसऱ्यांदा मीही गेले, काठी टेकत. रेकॉर्ड रूममधली एक मुलगी होती, माझ्या वर्गातल्या मुलींच्या वयाची. तिने फाइल काढली, आम्ही दोघींनी एकेक पान उलटलं. कॅथ लॅबच्या कागदाच्या मागे, उलट्या बाजूला, ती पट्टी चिकटवलेली होती. नाव, मापं, बॅच, मुदत. बारा दिवस मी गार पाय घेऊन फिरत होते तेव्हा ती तिथेच होती. मुलीने तिची प्रत काढून दिली, शिक्का मारला, आणि म्हणाली, “काकू, हे कुणी मागत नाही.”

सर्जनांनी माझ्यासमोर बसून अर्ज भरला. काय झालं, कधी, उपकरण काढलं का, रुग्ण आता कसा आहे. शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘बरी होत आहे’. मी म्हटलं, “पाय वाचला असंही लिहा.” त्यांनी लिहिलं.

आता कुणी ओळखीचं अँजिओग्राफीला निघालं की मी फोन करते. मनगटातून होणार की जांघेतून, एवढं विचारून थांबू नका, असं सांगते. जांघेतून झालं तर भोक कशाने बंद करणार, ते माझ्या धमनीला बसेल का हे चित्र काढून बघणार का, आत काय राहणार, कशाचं बनलेलं, कार्ड देणार का. घरी आल्यावर महिनाभर रोज संध्याकाळी घरातल्या कुणीतरी दोन्ही पावलांवर एकदम हात ठेवायचा. एक गार आणि एक गरम लागला, चालताना एकाच पोटरीत गोळा आला, तर फोनवर विचारत बसायचं नाही, निघायचं. जांघेत लाली, पू, थंडी-ताप आला तरी तेच.

जखम भरायला वेळ लागला. मधुमेहामुळे टाके पंधरा दिवस ठेवले, कडेला एका जागी पाणी येत होतं, ते महिन्याने सुकलं. मार्चमध्ये मी पुन्हा मशीनवर बसले, आधी पाच मिनिटं, मग दहा. आता वीस मिनिटं सलग होतात, मग मी उठून मुलींच्या कापडावरून हात फिरवत एक फेरी मारते. घोट्याचा दाब शेवटचा मोजला तेव्हा १२४ होता.

सर्जनांनी मला एका जाड कागदावर लिहून दिलंय: उजव्या जांघेत शिरेचं ठिगळ, तिथे सुई घालू नये. मी त्याला पारदर्शक प्लास्टिकचा पुढचा भाग लावून कापडी पाकीट शिवलं आहे, माळेच्या दोऱ्यात अडकवता येईल असं. सुनेने त्याच्या मागच्या बाजूला मुलाचा नंबर भरतकामात काढून दिला.